आधी त्याला विचारा, बाकीचं नंतर

वाचकाचा प्रश्न

तालुक्याच्या एका गावाहून हे पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या आसपासच्या. यजमान गेल्यावर त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका सुरू केली. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी अशा परीक्षांची तयारी करणारी चाळीसेक मुलं-मुली तिथे बसतात आणि त्यांना ‘काकू’ म्हणतात.

त्यातला एक मुलगा तेवीस वर्षांचा, जवळच्या खेड्यातला, घरी कोरडवाहू शेती. पूर्व परीक्षा पास झाला, पण मुख्य परीक्षेत गेल्या वेळी थोडक्यात हुकलं. पहाटे दार उघडायच्या आत पायरीवर बसलेला असायचा. दोन महिन्यांपासून दुपारी उगवतो. खिडकीजवळच्या जागेवर पुस्तक उघडून बसतो, पण पान उलटत नाही. डबा न उघडता तसाच परत नेतो. मित्रांबरोबर चहाला जात नाही. मध्यंतरी त्याने हाताने काढलेल्या नोट्स एका नवीन मुलीला देऊन टाकल्या.

काकूंचे प्रश्न असे: मी बारावी शिकलेली, मला यातलं काय कळतं? बोलायला जावं आणि भलतंच काही त्याच्या डोक्यात भरवलं जावं, असं झालं तर? त्याच्या आईवडिलांना परस्पर फोन करावा का? दवाखान्यात नेलं आणि ‘डोक्याचा पेशंट’ असा शिक्का बसला, तर सरकारी नोकरीचं काय? सगळ्याच मुलांसाठी एक प्रेरणादायी वक्ता बोलवायचं ठरवलंय, पैसेही बाजूला काढलेत. त्याने फरक पडेल का?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला थोडक्यात कळवलं होतं, कारण सदर छापून यायला वेळ लागतो आणि पत्रातली एक गोष्ट तेवढं थांबण्यासारखी नव्हती. उशिरा येणं, डबा परत नेणं हे तुम्ही सविस्तर लिहिलंत. नोट्स देऊन टाकल्याचं मात्र एका ओळीत, जाता जाता. मी त्या ओळीशी अडकले. ज्या मुलाने रंगीत पेनांनी समासात तारखा लिहून वह्या भरल्या, त्याने त्या ‘आता मला लागणार नाहीत’ म्हणून देऊन टाकल्या, याचा अर्थ त्याने ही परीक्षा सोडायचं ठरवलंय, एवढाच असू शकतो. वेगळाही असू शकतो. जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, उधारी अचानक चुकती करणं, खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत दिसणं ही जीव धोक्यात असल्याची चिन्हं असू शकतात. या मुलाच्या बाबतीत यातलं खरं काय, ते तुम्हाला-मला इथे बसून ठरवता येणार नाही. ते फक्त त्याला विचारून कळेल. म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहीत असले तरी क्रम एकच आहे: आधी त्याला विचारा, बाकीचं नंतर.

‘मला यातलं काय कळतं’ असं तुम्ही पत्रात तीनदा म्हणता. तुम्ही काय पाहिलंत ते बघा. येण्याची वेळ बदलली, जेवण सुटलं, माणसं तुटली, हातातलं पान उलटेनासं झालं, आणि हे दोन महिने टिकून आहे. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांना हे सगळं प्रश्न विचारून काढावं लागतं. तुम्ही ते रोज जिना चढताना बघताय. आजाराचं नाव सांगणं हे तुमचं काम नाही, ते डॉक्टरांवर सोडा. ‘काहीतरी बदललंय’ हे सगळ्यात आधी तुमच्या लक्षात आलं, आणि या वयात तेच सगळ्यात मोलाचं असतं. मानसिक आजार कोणत्या वयात सुरू होतात, याचा जगभरातल्या अभ्यासांवर आधारलेला एक मोठा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठ टक्क्यांहून अधिक जणांचा त्रास पंचविशीच्या आत सुरू झालेला दिसतो. म्हणजे नेमकं तुमच्या अभ्यासिकेत बसणाऱ्यांचं वय. आणि आपल्याकडे मदत किती जणांपर्यंत पोचते? बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असं आढळलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. एवढं अंतर एकटे डॉक्टर भरून काढू शकत नाहीत. मध्ये कुणीतरी ओळखीचं माणूस लागतं.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने नैराश्याच्या रुग्णांसाठी एक साधी पद्धत तयार केली. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि त्यांच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ भेटी. त्यात काय, तर माणसाने जे जे सोडून दिलंय त्यातलं एकेक छोटं काम त्याच्याबरोबर ठरवून परत सुरू करायचं. याची रीतसर चाचणी झाली आणि फक्त नेहमीच्या उपचारांपेक्षा याने जास्त लोक बरे झाले, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाचं काम सुरू झालं. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने ते उभं केलं आणि पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेलं. तिथे गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या बायाबापड्यांना ऐकायचं कसं, हे शिकवलं गेलं. मला त्यातलं विशेष आवडतं ते हे, की ही माणसं मनाच्या त्रासाबरोबर अडकलेली पेन्शन, न मिळालेला दाखला, सरकारी योजना यांचाही पाठपुरावा करतात. कारण त्रास नुसता डोक्यात नसतो. तुमच्या या मुलाची मेस थकली आहे का, गावाकडे बँकेची नोटीस आली आहे का, बहिणीचं लग्न त्याच्या नोकरीसाठी अडलंय का, हेही कळायला हवं.

आता विचारायचं कसं. चारचौघांत नको, आणि ‘काय रे, टेन्शन आहे का?’ असंही नको. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘काही नाही काकू.’ दुपारी बाकीचे जेवायला गेले की खाली स्वयंपाकघरात बोलवा. चहा टाका, हातात काहीतरी निवडायला घ्या. समोरासमोर टक लावून बसण्यापेक्षा काम करता करता बोलणं मुलग्यांना सोपं जातं. मग निदान करू नका, जे डोळ्यांनी दिसलं तेच सांगा. ‘तू दोन महिने डबा तसाच नेतोस. पहाटे यायचास, आता दुपार होते. नोट्सही देऊन टाकल्यास. मला काळजी वाटते. काय चाललंय?’ एवढं बोलून थांबा. ही शांतता तुम्हाला फार मोठी वाटेल. ती भरून काढायला सल्ले देऊ नका. ‘इतरांकडे बघ, त्यांची परिस्थिती तुझ्यापेक्षा वाईट’, ‘आईबापांनी किती खस्ता खाल्ल्या’, ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ ही तिन्ही वाक्यं त्याने स्वतःला हजारदा ऐकवली असतील.

आणि मग तो प्रश्न, ज्याला तुम्ही घाबरताय. ‘कधी असं वाटतं का, की जगूच नये? जीव द्यायचा विचार येतो का?’ असाच, स्पष्ट शब्दांत. विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही भीती घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे. यावर पुष्कळ संशोधन झालंय. थेट विचारल्याने धोका वाढत नाही. ज्याच्या मनात ते घोळतंय त्याला, कुणीतरी न दचकता विचारलं, याचा आधार वाटतो. ‘तसलं काही नाही ना तुझ्या मनात?’ अशी नकाराकडे झुकलेली विचारणा मात्र करू नका. त्यातून त्याला एवढंच कळतं, की काकूंना ‘हो’ ऐकायचं नाही.

तो ‘हो’ म्हणाला तर घाबरून रडू नका, शपथा घालू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. त्या वेळेपासून तो एकटा राहणार नाही, हे बघा. तिथेच बसून १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर स्पीकरवर लावा. मनाच्या त्रासासाठीची केंद्र सरकारची ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्री-अपरात्रीही लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही, ‘समोर असा मुलगा बसलाय, काय करू’ हे विचारायला तो फिरवू शकता. त्याने काही करून घेतलंय किंवा आत्ताच करेल असं दिसलं, तर १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ (तातडीची मदत). आणि शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: फवारणीची औषधं आणि गोळ्या कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. खुळचट वाटेल, पण तीव्र विचाराची लाट बरेचदा काही तासांत ओसरते, आणि त्या तासांत हाताशी काय आहे यावर जीव वाचणं अवलंबून असतं.

तो ‘नाही’ म्हणाला आणि तुम्हाला ते पटलं, तरी दोन महिन्यांचं उपाशीपण आणि तुटलेपण उरतंच. झोप, भूक, रस इतके दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना दाखवावं. त्याने उडवून लावलं तर ‘बरं, मी परवा पुन्हा विचारणार आहे’ असं सांगा आणि परवा खरंच विचारा. पहिल्या खेपेला कुणी मन मोकळं करत नाही.

दाखवायचं कुठे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची सरकारी योजना १९९६ पासून देशात आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असं पथक असतं, आणि अनेक जिल्ह्यांत ते ठरलेल्या वारी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात येतं. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन एवढंच विचारा: ‘मानसिक आजाराची ओपीडी कोणत्या वारी असते?’ १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत आहे. पहिल्यांदा जाताना त्याच्याबरोबर जा. रांगेत बसल्यावर ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनेच निम्मी मुलं गेटवरून परत फिरतात. ‘काकूंना बीपी दाखवायला आलोय’ म्हणायची सोय असली तर तोही तेवढा वेळ बसेल.

शिक्क्याबद्दल. तुमची भीती खोटी नाही, गाव बोलतं. पण कागदावरची भीती वेगळी आणि गावची वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा हक्क रुग्णाचा आहे. कायद्यात नेमून दिलेले मोजके अपवाद सोडले तर रुग्णालय ती परस्पर कुणाला देऊ शकत नाही. समुपदेशन घेतलं म्हणून राज्यसेवेचा अर्ज भरता येत नाही, असा नियम नाही. याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता, तो तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलंय आणि त्याला उपचार देणं सरकारचं कर्तव्य ठरवलंय. गावच्या बोलण्यावर कायदा नाही, पण तुमचं तोंड आहे. ‘त्याला बरं नाही, औषध चालू आहे’ एवढ्यावर विषय संपवणारी एक वडीलधारी बाई गल्लीत असली, की पुष्कळ तोंडं आपोआप मिटतात.

आईवडिलांना परस्पर फोन करावा का, यावर माझं मत स्पष्ट आहे: जिवाला धोका दिसत नसेल तर परस्पर नको. तो तेवीस वर्षांचा आहे. पाठीमागून फोन गेला हे कळलं, की तुमच्याकडे यायचं दारही बंद होईल. त्याला विचारा, ‘घरी कुणाला सांगितलेलं चालेल?’ बरेचदा उत्तर आई-वडील नसतंच. मामा असतो, मोठी बहीण असते, गावातला एखादा शिक्षक असतो. त्या माणसाला त्याच्यासमोर फोन लावा. जिवाचा धोका असेल तर मात्र गुप्ततेचं वचन मोडावं लागतं. म्हणून ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन आधी देऊच नका. ‘तुझ्या जिवावर बेतलं तर मी सांगणार, बाकी काही सांगणार नाही’ हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. घरच्यांनी देवाचं, बाहेरचं काढलं तर वाद घालू नका. अंगारा लावायचा तर लावू दे, जत्रेला जायचं तर जाऊ दे, पण दवाखान्याचा वार चुकवू नका, आणि मारहाण, उपासमार, बांधून ठेवणं होऊ देऊ नका.

एक गोष्ट थोडक्यात, पण महत्त्वाची. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, सगळे माझ्याविरुद्ध कट करतात असं वाटतं, रात्र रात्र झोप नाही तरी अंगात भलतीच ताकद, भलतंच मोठं बोलणं, असं काही कोणत्याही मुलात दिसलं तर चहा आणि गप्पा पुरणार नाहीत. त्याला त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ लागतो. या आजारांत उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकं पुढचं शिक्षण-काम सावरण्याची शक्यता वाढते.

आता तुमचा वक्ता. ताई, ते पैसे मी त्याच्यावर खर्च करणार नाही. दीड तास टाळ्या, ‘जिद्द असेल तर काहीही शक्य आहे’, शेवटी पोस्ट निघालेल्यांचा सत्कार. यातून चांगल्या चाललेल्या मुलांना जोर येईल. पण जो पान उलटू शकत नाहीये त्याला एवढंच कळेल, की त्याच्यात जिद्दसुद्धा नाही. ही मुलं आळशी नाहीत. जागा शेकड्यांत निघतात, अर्ज लाखांत येतात, आणि राज्यसेवेला वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ व मागास प्रवर्गाला ४३. मग ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणत पंधरा वर्षं जाऊ शकतात. थांबायचं कधी, हा प्रश्न त्यांना कुणी मोकळेपणाने विचारू देत नाही. बोलवायचंच असेल तर ज्याने तीन प्रयत्नांनंतर परीक्षा सोडली आणि आज बरं चाललंय, अशा तुमच्याच तालुक्यातल्या एखाद्याला बोलवा. दुकान, दूधधंदा, खासगी नोकरी, काहीही. त्याला मानधन द्या. मुलांना तो माणूस बघायला मिळत नाही, कारण त्याचं फ्लेक्स लागत नाही.

उरलेल्या पैशांत अभ्यासिकेतच काय काय होईल ते बघा. आठवड्यातून एक दुपार सगळ्यांनी पुस्तकं मिटायची. पोलीस भरतीवाले नाहीतरी ग्राउंडला जातात, बाकीच्यांनाही न्या. हजेरीच्या वहीत सलग चार दिवस नाव नसलं तर फोन करायचा, रागवायला नाही, चौकशीला. जिन्याच्या भिंतीवर नियमांच्या पाटीशेजारी १४४१६ मोठ्या अक्षरांत लावा. निकालाच्या दिवशी अभ्यासिका बंद ठेवू नका. तो दिवस आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवस सगळ्यात वाईट असतात, त्या रात्री कोण कुणाच्या खोलीवर झोपायला जाईल हे आधीच ठरवा. मुलींकडे वेगळं लक्ष द्या. त्यांना निकालाबरोबर ‘आता पुरे, स्थळ आलंय’ हेही झेलावं लागतं, आणि त्यांचं रडणं बाथरूममध्ये उरकलेलं असतं. दोन-तीन जाणती मुलं-मुली निवडा आणि जिल्ह्याच्या पथकातल्या सामाजिक कार्यकर्त्याला विनंती करा, की एक दिवस येऊन यांना ऐकायचं कसं, पुढे कुठे पाठवायचं हे शिकवा.

या मागणीला आता वजनही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात आहे. तुमची अभ्यासिका शाळा नाही की क्लास नाही, पण मुलं तीच आहेत. गावातल्या क्लासचालकांना आणि कॉलेजच्या प्राचार्यांना घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे एक अर्ज करा. चार संस्थांची सही असलेला अर्ज लवकर हलतो. मेस चालवणाऱ्या मावशी, वसतिगृहाचे रेक्टर, ग्राउंडवरचे प्रशिक्षक हे वाचत असतील तर त्यांनाही हे सगळं लागू आहे. ताट कुणाचं परत जातं, हे मावशींना आधी कळतं.

राहिलं तुमचं. तुम्ही लिहिलंय की रात्री दोन-दोनदा उठून वरच्या मजल्यावरचा दिवा बघता. हे एकटीने महिनोन्‌महिने करू नका. मुलाच्या संमतीने तुमच्या विश्वासातलं अजून एक माणूस यात घ्या, आणि रात्री दहानंतर फोन कोण उचलणार, याचे वार वाटून घ्या. तुमच्या वारी तुम्ही, बाकीच्या दिवशी ते, आणि दोघांपैकी कुणीच नसेल तेव्हा १४४१६ हे मुलालाही सांगून ठेवा. दर शनिवारी पथकातल्या कार्यकर्त्याला फोन करून आठवड्यात काय झालं ते सांगा आणि तुम्हाला जे जड गेलं तेही सांगा. गोव्यातल्या समुपदेशकांनाही अशी देखरेख होती. ती मागायला तुम्ही अजिबात संकोचू नका.